उत्तरेला टायरचं दुकान

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा शिकायला बसली, आणि अध्यापक विद्यालयातल्या विशी-बाविशीच्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात तिला मीटरबाई करून टाकलं. त्यात खोटं काही नव्हतं. आधीची चौदा वर्षं ती पाणीपुरवठा कार्यालयात मीटर वाचायच्या कामावर होती. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, आणि कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या कुत्र्यापलीकडे ओणवं होऊन आकडे टिपायचे. पुढे मीटर आपले आपणच आकडे पाठवायला लागले आणि ती घरी बसली.

घरी तिच्याशिवाय फक्त सासरे. नवरा लांबच्या कारखान्यात, पंधरवड्यातून एकदा यायचा, झोपायचा आणि परत जायचा. सासऱ्यांनी तीस वर्षं बस चालवलेली. सून दिवसभर घरातली भांडी इकडून तिकडे लावते आहे हे त्यांनी दोन महिने पाहिलं आणि एक दिवस स्वतःच जाऊन शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाचा अर्ज घेऊन आले. अर्जाच्या मागे बारीक अक्षरात एक अट होती: नेमणूक हवी असेल तर चाळीस पूर्ण व्हायच्या आत पास झालं पाहिजे. सासऱ्यांनी ती भिंगाखाली धरून दोनदा वाचून दाखवली.

तिला सामाजिक शास्त्र मिळालं, चौथीचा वर्ग. शाळा विद्यालयाला लागूनच, त्यामुळे वर्षानुवर्षं शिकाऊ शिक्षक सरावाला तिथेच जायचे. प्रत्येक पाठाचं आधी टाचण लिहायचं. वहीच्या पानावर दोन रकाने: डावीकडे आपण काय विचारणार, उजवीकडे मुलं काय उत्तर देणार. मुलांनी तोंड उघडायच्या आधीच त्यांची उत्तरं लिहून ठेवायची हे तिला पहिल्यांदा गमतीचं वाटलं. मीटर न बघता आकडा लिहिला असता तर साहेबांनी तिला उभं सोललं असतं. पण टाचण तपासणाऱ्या मार्गदर्शक बाईंची लाल पेन्सिल उजवा रकाना मोकळा दिसला की तिथेच थांबायची, म्हणून तीही तो भरायला शिकली.

तक्ता विकत घ्यायचा नाही, अशी तिथली रीत. आधीच्या तुकडीने पुढच्या तुकडीला द्यायचा. ‘आपला परिसर’ या पाठाचा एक रंगीत तक्ता होता. मधोमध शाळा, उत्तरेला उद्यान, पूर्वेला तळं, दक्षिणेला पोस्ट, पश्चिमेला दवाखाना. खालच्या कोपऱ्यात तक्ता करणाऱ्याचं नाव. दर वर्षी त्यावर नवी पट्टी चिकटायची. तिने आपली चिकटवली तेव्हा तो कोपरा पुठ्ठ्याएवढा जाड झाला होता.

पहिल्या सराव पाठाला वर्गाने तिला सांभाळून घेतलं. मुलं या कामात मुरलेली होती. मागच्या बाकावर वही घेतलेलं मोठं माणूस दिसलं की सगळ्यांच्या पाठी ताठ व्हायच्या. नेहमीच्या शिक्षिका त्या बाई आणि शिकाऊ त्या सगळ्या ताई, त्यामुळे पोरांच्या आईच्या वयाची असूनही ही ताईच झाली. पहिल्या बाकावर एक मुलगा होता, सगळे त्याला वकील म्हणायचे. ती विषय लिहायला विसरली तशी वकिलाने खालच्या आवाजात आठवण केली, “ताई, फळा राहिला.” मग प्रश्न सुरू झाले आणि उत्तरं धो धो आली. शब्द न् शब्द उजव्या रकान्यातला. हा पाठ त्यांनी पहिलीपासून चार ताईंकडून ऐकला होता. त्यांना तो तिच्यापेक्षा जास्त पाठ होता.

फक्त एका मुलीला नव्हता. ती त्या महिन्यात दुसऱ्या गावाहून आलेली, म्हणून तिचं नाव नवी. शाळेच्या उत्तरेला काय आहे, असं विचारल्यावर तिने सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि उभं राहून म्हणाली, “टायरचं दुकान.”

वर्ग हसला. मीटरबाईला ते दुकान चांगलं माहीत होतं. मैदानाच्या भिंतीपलीकडे, निळ्या शटरचं. तिथला मीटर टायरांच्या ढिगाखाली असायचा, आणि दर खेपेला मालक पुटपुटत अकरा टायर बाजूला करायचा. पण मागे लाल पेन्सिल बसली होती आणि रकान्यात उद्यान लिहिलं होतं. तिने शांतपणे म्हटलं, “तक्त्यात बघून सांग.” नवीने तक्त्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि खाली बसली.

घरी सासरे पाठाच्या तालमीला विद्यार्थी व्हायचे. स्टुलावर बसून मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचे, पाणी प्यायला जाऊ का विचारायचे, एकदा तर त्यांनी खरंच तिच्या पाठीला कागद चिकटवला होता. त्या संध्याकाळी तिने घडलेलं सांगितलं तेव्हा ते स्टुलावरून उठले.

“शाळेच्या उत्तरेला काय आहे गं?”

“टायरचं दुकान.”

“मग ती पोरगी चुकली कुठे?”

ती पोळपाट घासत राहिली.

पुढच्या पाठाला तिने नवीला मुद्दाम तोच प्रश्न विचारला. नवी उठली, भिंतीवरच्या तक्त्यावर नजर टाकली आणि म्हणाली, “उद्यान.” बरोबर उत्तर, रकान्यातलं. मार्गदर्शक बाईंनी मान डोलावली. मीटरबाईला मात्र फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं दिवसभर गेलं नाही. चौदा वर्षांत तिने एकही आकडा न बघता लिहिला नव्हता, आणि इथे तिने एका मुलीला न बघता बोलायला शिकवलं होतं.

म्हणून बाहेरच्या परीक्षकांसमोरच्या शेवटच्या पाठाला तिने तक्ता घरीच ठेवला. खाकी कागदाचा मोठा ताव फळ्यावर लावला, मधे चौकोन काढून शाळा लिहिलं, बाकी कागद कोरा. उत्तरेला काय, म्हटल्यावर वर्ग एका सुरात उद्यान म्हणाला. उद्यान कुठल्या रस्त्याने जाऊन पाहिलंत, असं विचारलं तशी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. इतकी वर्षं या ओळीनंतर तळं यायचं. वकिलाला तिची दया आली असावी. तो उठला आणि म्हणाला, ताई, तक्ता विसरला असाल तर माझ्या वहीत आहे.

पस्तीस मिनिटांत कागदावर जेमतेम चार गोष्टी आल्या. घंटा व्हायच्या सुमारास तिने खडू नवीपुढे धरला. नवी उठली, चौकोनाच्या वर एकावर एक आठ गोल काढले आणि जागेवर गेली. परीक्षकांनी शंभरपैकी सत्तेचाळीस दिले. पास व्हायला पन्नास लागत. शेऱ्यात लिहिलं होतं: साहित्य अपुरे, अपेक्षित उत्तरे आली नाहीत, मूल्यमापन झाले नाही.

फेरपाठ दीड महिन्याने होता. तिला चाळीस पूर्ण व्हायला त्यानंतर अकरा दिवस उरत होते, म्हणजे हुकला तर सगळाच कारभार आटोपला. मार्गदर्शक बाई स्वभावाने कडक असल्या तरी मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावलं की हट्ट सोड, जुना तक्ता लाव, चाळीस मिनिटं गोड बोल आणि पास हो. मग नोकरीत तुला हवं ते कर. ती हो म्हणाली आणि मुख्याध्यापिकांकडे जाऊन मुलांना शाळेभोवती फिरवायची परवानगी काढून आली.

तीन शुक्रवार ती मुलं घेऊन भिंतीच्या कडेकडेने फिरली. वकील यादी करायचा. नवी पुढे चालायची, कारण ती रोज उत्तरेच्या गल्लीतूनच शाळेत यायची. दक्षिणेला कपडे धुऊन देणारं दुकान निघालं, पश्चिमेला नाला आणि बंद पडलेली पिठाची गिरणी, पूर्वेला बसथांबा. खाकी कागद भरत गेला. आठ गोलांच्या खाली वकिलाने सुबक अक्षरात टायरचं दुकान लिहिलं. नवी बोलायची, पण बाहेर. वर्गात आली की पुन्हा मिठाची गुळणी.

मीटरबाईने नवं टाचण लिहिलं, आणि इथे व्हायचं तेच झालं. नकाशा खरा होता, स्वतः पाहिलेला होता, म्हणून तिने तो अगदी निर्धास्तपणे उजव्या रकान्यात उतरवला. उत्तरेला: टायरचं दुकान. दक्षिणेला: धुलाई. मार्गदर्शक बाईंनी एकही लाल रेघ न मारता सही केली. सासरे स्टुलावरून सगळी उत्तरं बरोबर द्यायला लागले, तेव्हासुद्धा तिच्या काही लक्षात आलं नाही.

फेरपाठाच्या दिवशी वकील दारातच उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला धीर दिला, “ताई, घाबरू नका. आम्ही सगळं पाठ केलंय.”

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण घंटा झाली होती.

पाठ लोण्यासारखा चालला. ती विचारायची आणि तीस गळे एकदम उत्तर द्यायचे. उत्तरेला काय? टायरचं दुकान. पश्चिमेला काय? नाला आणि बंद गिरणी. उद्यान गेलं होतं आणि त्याच्या जागी टायर आले होते, एवढाच काय तो फरक. मागे परीक्षक भराभर खुणा करत होते आणि मार्गदर्शक बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. घड्याळात बारा मिनिटं बाकी होती. आता फक्त मूल्यमापनाचे पाच प्रश्न, की ती सुटली.

नवीने हात वर केला.

तिने तो पाहिला. क्षणभर तिला वाटलं, पाहिलाच नाही असं करावं. मग तिने मानेने खूण केली.

“ताई, ते दुकान आता नाहीये,” नवी म्हणाली. “शनिवारी टेम्पोत सामान भरलं. शटरवर कागद लावलाय.”

कुणीतरी हसलं. वकिलाने वळून दबक्या आवाजात, पण मागपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, “खाली बस ना. ताई नापास होतील.”

परीक्षकांचं पेन थांबलं. नवी मात्र खाली बसली नाही. ती पहिल्या पाठाच्या वेळेसारखीच बघत होती, आधी नकाशाकडे, मग मीटरबाईकडे.

मीटरबाईने टाचणाची वही मिटून टेबलावर ठेवली. “ये,” ती म्हणाली, “पूस ते.”

नवीने आठही गोल पुसले. कागदावर पांढुरका डाग उरला. आता तिथे काय लिहायचं, यावर वर्गात जुंपली. एकाचं म्हणणं, काहीच लिहू नये. दुसरीचं, दुकान गेलं तरी शटर आहे. वकील म्हणाला, हे कुणी ठरवायचं, नकाशा काढणाऱ्याने की दुकानवाल्याने. तीस जणांची तीस मतं, आणि त्यातलं एकही कुठल्या रकान्यात नव्हतं. परीक्षकांनी मधेच नवीला विचारलं की तुला नक्की माहीत आहे का. ती म्हणाली, मी रोज तिथूनच येते. घंटा झाली. पाच प्रश्न टाचणातच राहिले. मीटरबाईने एवढंच सांगितलं की तिथे काय आहे ते उद्या येताना बघून या.

त्या रात्री ती सासऱ्यांना म्हणाली की बहुतेक गेलंच. त्यांनी अर्जामागची बारीक अक्षरं पुन्हा वाचायला घेतली नाहीत, एवढा समजूतदारपणा त्यांच्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी चौथीतली निम्मी मुलं उशिरा आली. सगळी उत्तरेच्या गल्लीतून वळसा घेऊन, कुणी पालकांना हाताला धरून ओढत. मुख्याध्यापिकांनी मीटरबाईला बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. एवढी पोरं रस्त्यावर, काही झालं असतं तर जबाबदार कोण. ती मान खाली घालून ऐकत राहिली. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. चोपन्न. खाली शेरा: मूल्यमापन झाले नाही. आणि पुढे, वेगळ्या शाईत: आवश्यकता भासली नाही.

ती कागद हातात धरून वर्गात आली. मुलं एकाच वेळी बोलत होती. शटर अर्धं उघडं आहे. आत दोघं जण भिंतीला रंग देतायत. रंग पिवळा आहे. दुकान कसलं निघणार, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. वकील कपाळावर हात मारून घेत होता.

नवी सगळ्यांत शेवटी आली, धापा टाकत. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून तिने हात वर केला.

“ताई, मी विचारलं. ते सांगत नाहीत,” ती म्हणाली. “उद्या परत विचारते.”