बडीशेपेखालची नोट

आमच्या सोसायटीच्या भिशीतल्या आम्ही सहाजणी एकदा मीरा रोड स्टेशनजवळच्या हॉटेलात जेवायला गेलो. जेवताना एकीची नात टेबलाखाली ओकली. पन्नाशीच्या वेटरने निमूटपणे ते पुसलं, हात धुतले आणि आम्हाला पुन्हा वाढायला आला.

बिल आल्यावर सूप कोणी घेतलं नव्हतं, पापड कोणी मागवला, यावर बराच वेळ वाद झाला. टिपसाठी मात्र दहा-दहा रुपये ठरले. भिशी सांभाळणाऱ्या बाईंनी साठ रुपये गोळा केले, त्यातली एकच नोट बडीशेपेच्या वाटीखाली सरकवली आणि बाकीच्या पर्समध्ये टाकल्या.

"अहो, साठ जमले होते ना?" मी विचारलं.

"एवढे देतात होय? पगार मिळतो त्याला. उरलेल्यात पुढच्या वेळी आइस्क्रीम खाऊ."

"बरोबर आहे," नातीची आजी म्हणाली आणि वाटीतली बडीशेप तिने रुमालात ओतून घेतली.

मला शिसारी आली. "माझे दहा परत द्या," म्हणून ते मागून घेतले आणि वेटरच्या हातात ठेवले. त्याने सगळ्यांनाच नमस्कार केला. बाईंनी मान डोलावून तो स्वीकारला.