कपाळावरचा ठोका

देवरीत हायवेला लागून माझं दुकान. काळ्या दगडावर छिन्नीनं पुढाऱ्यांचे चेहरे कोरतो. पुढारी कोणताही असो, सामान ठरलेलं: खिशाला पेन, वर केलेलं बोट, मागं उगवता सूर्य. जन्मात सातबाऱ्याशिवाय काही न वाचलेल्याच्या हातीही मी पुस्तक दिलं आहे. लोक खूश, मी खूश.

पुढारी बाई मात्र पहिल्यांदाच कोरायला आली. जवळच्या गावची सरपंच, वारलेली. ग्रामपंचायतीच्या आवारात तिचा दगड लावायचा होता. तिची मुलगी फोटो घेऊन आली. मी म्हटलं, "हात जोडलेले दाखवतो."

"कायले? आई कोणापुढं हात जोडत नव्हती. काखेत अर्जांची फाईल दाखवा. अन् काका, कपाळ मोकळं ठेवा. आम्ही बौद्ध. बाबा जिवंत असतानाच आईनं कुंकू सोडलं. त्याच्यापायी लोकांचं लय ऐकलं तिनं."

"हो ना बाप्पा, समजलं," मी म्हटलं.

फाईल काय सुंदर उतरली! चेहरा तर विचारूच नका. आणि मग हात गेला. बाईचा चेहरा झाला की शेवटचा ठोका कपाळावर, हे बापानं शिकवलेलं. समाध्यांवरच्या सगळ्या बायका मी तशाच संपवल्या. ठक्! टिकलीएवढा खड्डा. कागदावरचं खोडता येतं, दगडावरचं काय खोडता, कपाळ!

मुलीनं पाहिलं आणि ती तिथंच खाली बसली. "तुम्ही ऐकून नव्हते राहिले का, काका?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा दगड कोरून देतो म्हटलं, तर पंचायतीचा माणूस म्हणाला, "उद्या उद्घाटन आहे. उलट शोभून राहिली." शेवटी खड्ड्यात दगडाच्या भुकटीचा काळा मसाला भरला. एका उन्हाळ्यात तो निघून गेला.

खड्डा उघडा पडला तशी कोणीतरी त्यात चिमूटभर कुंकू भरलं. मग रीतच पडली. आता लग्नाआधी नवरीला तिथं नेतात, नारळ फोडतात, फाईलीला पोथी म्हणतात. मी एकदा ओरडलो, "अरे, सरपंच होती ती!" एक म्हातारी म्हणाली, "देवीले असं बोलू नये, बाप्पा."

मुलगी अजून त्या दगडापाशी येते. ओल्या फडक्यानं कपाळ पुसते, नखानं खरवडते. तळाशी लाल राहतंच. परवा मी लाज सोडून जवळ गेलो, म्हटलं, "दे बाई, मी पुसतो."

तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "राहू द्या काका. तुम्ही तिले हात नका लावू."