मागच्या दाराशी ती काय विचारायची

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पेज खाणं. बुधवारची सकाळ होती. मी कोकणातला, बायको हाँगकाँगकडच्या एका खेड्यातली, पण तांदळाची पेज दोघांच्याही घरची. मी लोणच्याशी खायचो, ती खारवलेल्या अंड्याशी. त्या दिवशी तिनं माझं लोणचं चाखलं, तोंड वाकडं केलं आणि परत मागितलं. मग उठली आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

हिवाळाभर हेच चाललं होतं. तिथं उभी राहून ती मला तिच्या भाषेत काहीतरी विचारायची. एकेक शब्द सावकाश, लहान मुलाला सांगावं तसा. मी पाणी दिलं, कोट दिला, दार उघडून दिलं. ती बाहेर बघायची, मान हलवायची आणि परत तेच. शेवटी चिडायची. अजूनही दुपारी वाऱ्यानं ते दार वाजलं की मी "काय गं?" म्हणतो आणि मग माझा मलाच राग येतो.

आमचा सगळा संसार मोडक्या इंग्रजीत झाला. मी बोटीवरचा खलाशी, चार यत्ता शिकलेला. ती मँचेस्टरला भावाच्या चिप्सच्या दुकानात बटाटे सोलायची. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते एवढं मात्र मी तिला शिकवलं होतं. शेजारच्या गोऱ्या बाईला ते माझं नावच वाटायचं. म्हातारपणी तिला विसरायचा आजार लागला. आधी इंग्रजी गेलं, मग 'अहो'ही गेलं. उरली तिच्या गावची हक्का भाषा. गावाकडे आता त्या नावाच्या नूडल्स मिळतात म्हणे. मूलबाळ नाही, तिचा भाऊ कधीच वारला. मी विचारणार कोणाला?

इथल्या कौन्सिलकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, दुभाषा मागितला तेव्हा त्यांनी चिनी बोलणारी एक बाई पाठवली. भली होती, शिकलेली होती. बराच वेळ बोलत बसली. गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी बायको तिच्याकडे बघत होती.

"यांचं चिनी मला कळत नाही," बाई म्हणाली.

"मग काय मराठी बोलतेय ती?"

"माझं उत्तरेकडचं आहे. यांचं वेगळं."

मी कौन्सिलच्या सोशल वर्करला फोन लावला. "पोर्तुगालच्या म्हाताऱ्याकडे पोलंडचा माणूस पाठवाल का तुम्ही? दोघे गोरेच की."

ती आपल्याकडची मुलगी होती, गुजराती. "शोधते, अंकल," म्हणाली. आणि शोधलं तिनं. हक्का बोलणारी एक वयस्कर बाई गुरुवारी येणार होती.

त्या पेजेच्या बुधवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आलो, तर बायको खुर्चीतच गेलेली. पाय गार पडले होते.

त्या बाईला कळवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी बेल वाजली. बुटकी, पांढऱ्या केसांची, हातात संत्र्यांची पिशवी.

"पेशंट कुठे आहेत?"

"काल गेली."

ती पिशवी धरून उभीच राहिली. मी म्हटलं, "आलाच आहात तर आत या."

तिला मागच्या दाराशी नेलं. "इथं उभी राहून विचारायची."

"काय विचारायच्या?"

"तेच तर तुम्ही सांगायचं."

"शब्द सांगा."

मी तोंड उघडलं. रोज ऐकलेलं, झोपेतसुद्धा कानात वाजणारं, पण जिभेवर येईना. दोन-चार आवाज काढले. तिनं ते परत म्हणवून घेतले, डोळे मिटून ऐकले आणि मान हलवली. "अर्थ नाही लागत. सॉरी."

ती जायला निघाली. मी म्हटलं, "बाई, जरा बसा. तुमच्या भाषेत काहीतरी बोला. काहीही. बाजारहाटाचं बोला."

आधी लाजली. मग खुर्ची ओढून बसली आणि बोलायला लागली. मी तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून ऐकत राहिलो. मध्ये ती थांबली, तेव्हा मी म्हटलं, "हो."

ती परत बोलायला लागली.