बाबांची मापं
ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरल्याचा वास आला की मला बाबांचं गोरखपुरातलं शिलाईचं दुकान आठवतं. मी मानवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि पुढे बी.एड. कर, असा त्यांचा आग्रह होता. शरीरमापनाच्या प्रात्यक्षिकासाठी एका दुपारी मी त्यांचीच मापं घ्यायला बसले. "जन्मभर मी लोकांची मापं घेतली, तू माझी काहून घेऊन राहिली? यानं नोकरी लागते का?" त्यांनी विचारलं. "लागते बाबा. कारखान्यातल्या खुर्च्या अशाच मापांवरून ठरवतात. तुमचं हे स्टूल चार बोटं उंच आहे, म्हणून तर पाठ दुखून राहिली." संध्याकाळी त्यांनी सुताराकडून स्टुलाचे पाय कापून आणले आणि म्हणाले, "चलो, एम.एस्सी.चा फॉर्म भरून टाक." आज मी ट्रॅक्टरच्या सीटची मापं ठरवते. माझ्या हुद्द्याचं नाव बाबांना अजून नीट घेता येत नाही, तरी नवं गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर ते नाव घेऊन बघतातच.