बरणीतली किणकिण

डोळ्यांना न दिसणाऱ्यांशी माझ्या मामेसासऱ्यांइतका घरोबा असलेला माणूस उभ्या ग्वाल्हेरात शोधून सापडला नसता. अन्न नासवणाऱ्या जंतूंना ते ‘ती मंडळी’ म्हणत, आणि कुठंही जेवायला बसण्याआधी पातेल्याला कान लावत. इंदरगंजातल्या एका मुंजीत त्यांनी श्रीखंडाचा कानोसा घेतला, “उठलेत सगळे,” एवढंच म्हणाले आणि पानावरून उठले. संध्याकाळपर्यंत निम्मी पंगत आडवी झाली. तेव्हापासून लोक त्यांना बोलवायला घाबरत, आणि न बोलवायला त्याहून जास्त.

त्यांचा जीव मात्र एका बरणीत होता. मामी गेल्या त्या वर्षी मामींनीच घातलेलं लिंबाचं लोणचं तीत होतं. ते चाखायची कुणाची टाप नव्हती. मामा नई सडकेवरून मोहरीचं तेल आणत, लवंगा घालून कडकडीत तापवत, निववून फोडी बुडेपर्यंत ओतत. निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर बरणीचा फडक्याचा दादरा धरत आणि मगच तोंडाला बांधत. मी भांडं आपटलं की दबक्या आवाजात म्हणत, “सूनबाई, आहिस्ता! जागी होतील ना ती!” मग बरणीला कान लावून बसत. एकदा मला राहवेना.

“मामा, काय हो बोलते ती मंडळी?”

“ती चूप राहावी म्हणून तर हा खटाटोप. ती चूप झाली की हिच्या बांगड्या ऐकू येतात.”



संस्थान मध्यभारतात विलीन झालं तेव्हा मामांनी हूं की चूं केलं नाही. पण पुढं मध्यभारतही नव्या प्रदेशात गेला, मामांची सरकारी कचेरी भोपाळला हलली आणि त्यांची बदली झाली. रेलच्या हिसक्यांनी सगळे उठतील, म्हणून बरणी माझ्या हाती आली. “बुरशी नको येऊ देऊस,” ते म्हणाले. “हे गेलं, की ही खरंच गेली.” इतकी वर्षं हसणारी मी धुरी देताना श्वाससुद्धा जपून घेऊ लागले.

दिवाळीला आले ते टोपी न काढताच बरणीपाशी बसले. पुष्कळ वेळ कान लावून होते.

“मंडळी चूप आहे. पण हीपण चूप आहे. रुसली वाटतं.”

त्यांचा चेहरा मला बघवेना. करंज्यांचं पीठ मळताना मी बांगड्या कोपराकडं घट्ट सारल्या होत्या. त्या खाली ओढून त्यांच्या पाठीमागं हळूच किणकिणवाव्यात, असं मनात आलं. तेवढ्यात मामा हसले. “आली बघ!”

मलाही ऐकू आल्या. माझ्या बांगड्या अजून कोपरापाशीच होत्या. दोघं बोलत असताना मध्ये आवाज नको, म्हणून मी पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसून राहिले.