पंपाला हात न लावणारे खुशालभाऊ

१९८६च्या उन्हाळ्यात आमच्या गावचा हातपंप मीच बिघडवला. करकर थांबवायला उघडला, तर आतली सळई सुटून थेट तळाला गेली. प्यायचं पाणी तेवढंच. बाया माझ्यावर तुटून पडल्या, तसा मी सायकल हाणत सावली गावाहून खुशालभाऊंना घेऊन आलो. दोन वर्षं झांबियात स्वयंसेवक म्हणून पंप बसवून ते परतले, त्यालाही चार वर्षं झाली होती. खोड मात्र तिकडचीच राहिली.

त्यांनी पिशवीतून पाना काढला, बायांत सगळ्यांत पुढं असलेल्या अंजनाबाईंच्या हाती दिला आणि स्वतः पळसाखाली जाऊन बसले.

"काऊन जी भाऊ, हात दुखून राह्यले का?" अंजनाबाईंनी विचारलं.

"तिकडं ज्या बाया पानी भरत, त्याच पंप खोलत. मी निस्ता सांगत होतो."

"म्हंजे तुमाले इमानानं उडवत तिकडं निस्तं बसाले नेलं होतं!"

बाया खदाखदा हसल्या, पण पाना कोणी खाली ठेवला नाही. भाऊ बसल्या जागेवरून "ओढा, धरा, पिळा" ओरडत राहिले. संध्याकाळी पाणी आलं.

आता मी पंपाजवळ गेलो की अंजनाबाईच दटावतात. त्या दिवशी त्यांचं मोह वेचणं बुडालं, म्हणून मी टोपलीभर मोहफुलं कबूल केली होती. दोन बहर गेले, ती टोपली द्यायची राहिलीच आहे.