पीयूसी पास

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे काका दर रविवारी सकाळी आपल्या म्हाताऱ्या गाडीखाली शिरतात. बाहेर उरतात ते फक्त पाय आणि उपदेश. "नवीन गाड्या म्हणजे मोबाइल रे. बिघडल्या की फेकायच्या," हे मी गाडीखालून इतक्यांदा ऐकलंय, की काकांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या चपलाच मला जास्त ओळखीच्या आहेत.

सायलेन्सरला त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलाय आणि बंपर नायलॉनच्या दोरीने बांधलाय. गॅरेजवाले सगळे चोर, असं त्यांचं ठाम मत आहे. दरवर्षी पीयूसीला नेण्याआधी ते गाडीला घासून अंघोळ घालतात, जणू धूर अंगावरच्या मळातूनच येतो. गाडी पास झाली की घरोघरी पेढे वाटतात.

परवा दुपारी काकू बाथरूममध्ये पडल्या. मनगट सुजून काळंनिळं झालं. काका धापा टाकत माझ्या दाराशी आले.

"तुझी गाडी काढ, लवकर."

"तुमची खालीच आहे ना? गेल्या आठवड्यातच पास झाली."

"पास झालीय रे," ते हळूच म्हणाले, "पण हॉस्पिटलपर्यंत पोचेल असं कोण म्हणालं?"

आम्ही काकूंना माझ्या गाडीत मागे बसवलं. पहिल्याच सिग्नलला काकांनी कान टवकारले.

"तुझ्या इंजिनाचा आवाज बरा नाही. रविवारी खाली लाव, मी बघतो."

मागे डोळे मिटून बसलेल्या काकू कण्हत म्हणाल्या, "ही चालतेय ना? मग हिला हात नका लावू."